न उघडणारी गोळी

६ फेब्रुवारी २००९
दोन महिने वही उघडली नाही, माफी असावी. शारजातली आमची स्टील कंपनी बंद पडली. त्यावर लिहावंसं वाटलं नाही. आज वाटतंय. अबुधाबीपलीकडे एका अरबाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, शिकारी फार्मवर नोकरी मिळाली. शारजाच्या रोल्ला वस्तीतल्या खोलीतून इथं आल्यावर एवढं आभाळ पाहून हसूच आलं. सोबतीला रत्नागिरीचा हनीफ. पुणेकर चहाही मापून पिणार, अशी थट्टा करत त्यानं माझा कप पुन्हा भरला.

८ फेब्रुवारी
काम माझ्या धातुशास्त्रातलंच, शिकारीच्या गोळ्या निवडायचं. मऊ टोकाची गोळी अंगात शिरताच फुलासारखी उघडते. हरीण जागीच मरतं. पण हलाल केल्याशिवाय अरबाब शिकार खात नाहीत. म्हणून हनीफ सुरी घेऊन जवळच पत्र्याच्या आडोशाला बसतो. तो पोचेपर्यंत जीव राहायला हवा. मी जाड तांब्याच्या आवरणाची, न उघडणारी गोळी सुचवली. हरणाचं दुखणं किती लांबेल, हे कुणी विचारलं नाही. मीही मनातच ठेवलं.

१२ फेब्रुवारी
अरबाबनी झाडलेली गोळी हरणाच्या आरपार गेली. हनीफनं सुरी फिरवली. रक्त अगदी थोडं आलं. मग हरीण उठलं आणि कुंपणापाशी जाऊन उभं राहिलं. हनीफ माझ्याकडे बघत राहिला, मी हरणाकडे.

१५ फेब्रुवारी
आता तिथं तीन आहेत. खात नाहीत, पीत नाहीत, पडत नाहीत. भोकातून पलीकडची वाळू दिसते. गोळी बदलू या, असं अरबाबना विनवलं. म्हणाले, जीव राहतोय ना? खलास.

१७ फेब्रुवारी
हरणातून निघाली ती थेट आडोशाचा पत्रा फोडून— हनीफच्या छातीत. मी निवडलेली गोळी. जखमेवर हात दाबला, पण दाबायला रक्तच— दवाखान्यात नेऊ म्हटलं, तर तो उठून कपड्यांवरची वाळू झटकू लागला.

१८ फेब्रुवारी
सकाळी त्यानं चहा केला. स्वतः प्यायला नाही. दुखतंय का, विचारलं. थांबतच नाही, म्हणाला.

१९ फेब्रुवारी
हनीफ कुंपणापाशी. दिवसभर. हरणांशेजारी—

२० फेब्रुवारी
आज आला. गळ्याभोवती टॉवेल. टॉवेल कोरडा.
"सुरी फिरवून बघितली, सदाभाऊ. तुमची ती दुसरी गोळी असेल तर बघा."
हा खून होईल का? की माझंच अर्धवट राहिलेलं— तो दाराशी बसलाय. घाई नाही म्हणतो, पण डोळे—

उद्या: मऊ टोकाची एक गोळी काढून ठेवणे.