तळाचा बोल्ट

१ ऑक्टोबर २०००, रविवार
पाना पुन्हा घसरला. बोटांची सालं गेली. स्कूटरच्या गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट हलत नाही. मग लक्षात आलं: वरून वाकून हात घातला की बाजू उलटी होते. इतका वेळ मी आवळतच होतो. उताणा झोपलो, बॅटरी लावली. बोल्टाचे सहाही कोपरे गोल. एवढं माझ्या पान्यानं होणार नाही. कडेला छिन्नीचे जुने घाव. घावांवर भेगा बुजवायची राखाडी लांबी फासलेली, वर चिखलाचा थर.
हे तेल दर खंडेनवमीच्या आधी दत्ता बदलतो. अण्णांच्या वेळेपासून. तेल त्याचं, हार माझा. यंदा त्याची कंबर धरलीय, म्हणून म्हटलं आपण करू.

२ ऑक्टो.
सुट्टी. दत्ताच्या गॅरेजवर गेलो.
"मास्तर, तुला कुणी सांगितलतं खाली झोपायला?"
"बोल्ट कधी उघडलायस?"
"आरं, वरनं टाकतोय की दरवर्षी. गाडी पळती न्हवं?"
म्हणजे बदललंच नाही. फडक्याला हात पुसत दरवर्षी म्हणायचा, झालं बघ, नवं कोरं. मी मान डोलवायचो. शाळेपासून आम्ही एका बाकावरचे.

३ ऑक्टो.
संध्याकाळी तो स्वतः आला. कंबर धरून कट्ट्यावर बसला. चहाला हात लावला नाही.
"छिन्नी मी न्हाय मारली. तुझ्या वडलांनी मारली. उलटं आवळत बसले, गोल केला. लांबी पण त्यांनीच लावली. मला म्हणाले, पोराला बोलू नको, हसंल."
अण्णा. गल्लीतले पंप, शिलाईयंत्रं त्यांच्याकडे यायची. मला पान्याला हात लावू दिला नाही कधी. तुझं काम पुस्तकं, म्हणायचे.
"त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, दत्ता. आता सांगतोस?"
"मग काय सांगायचं? तवर मी धडधडीत खोटं बोलून बसलोतो की."
मेलेल्या माणसावर काहीही ढकलता येतं, असं मी म्हणालो. तो उठला. "व्हय. ढकलतोय. बास?"
रविवारी मीही उलटंच आवळत होतो, हे त्याला सांगितलं नाही.

५ ऑक्टो.
गाडी उद्यमनगरात नेली. अनोळखी वेल्डर. गोल डोक्यावर मोठा नट वेल्डिंगनं बसवला. गरम असतानाच पाना लावला, दोन ठोके दिले. सुटला. पाच मिनिटांचं काम.
खाली ठेवलेल्या तव्यात काळं काहीतरी उतरलं. सावकाश. वेल्डरनं बोट बुडवलं.
"पावणं, हे तेल न्हवं, काकवी हाय. कवा बदललतं?"
"दरवर्षी."
तो हसला. बोटावर लोखंडाचा चुरा चमकत होता.
येताना दत्ताच्या दारावरून आलो. तो बाहेरच होता. थांबलो नाही.

६ ऑक्टो., खंडेनवमी
सकाळी हत्यारं पुजायला अण्णांची पेटी उघडली. तळाशी लांबीचा डबा. अर्धा, दगड झालेला. पण पूजेची हत्यारं दरवर्षी दत्ताच काढायचा पेटीतून; डबा त्यानंही ठेवलेला असू शकतो. पान्यांबरोबर डबाही पाटावर मांडला. हार आणायला गेलो नाही.
आठला दत्ता आला. हातात हार. पाटाकडे बघून म्हणाला, "ह्यो कशाला मांडलायस?" मी हळदकुंकू वाहत राहिलो. त्यानं हार हँडलला अडकवला आणि कंबर धरून गेला.