गाठ सुटली नव्हती

दि. १८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

ती. बाबांस,
प्रभूच्या नावे सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही. करवतीच्या आवाजाने गेलेले कान काही परत यायचे नाहीत, म्हणून पत्र लिहिते आहे. शिवाय जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

आज सकाळची पाळी संपवून थेट चर्चला गेले. कपाळावर राख घेऊन पाळणाघरात पोचले, तर तुमची नात चारचौघांत म्हणाली, आई आधी तोंड धुऊन ये. तिला समजावलं, की आजपासून ईस्टरपर्यंत आपला उपवासकाळ. थोडं कमी खायचं, थोडं कमी बोलायचं. कमी खायला बाई कबूल झाल्या, कमी बोलायला मुळीच नाही. आजोबांवर गेली आहे असं लिहिणार होते, पण हल्ली तुम्ही तरी कुठे बोलता?

आता मुद्द्यावर येते. आमच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढणारे एक गृहस्थ आहेत. चाळिशीचे, शांत. बायको चार वर्षांपूर्वी आजारात गेली, मूलबाळ नाही. माझी रात्रपाळी असली की छकुलीला पाळणाघरातून तेच आणतात. त्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे. मी म्हटलं, माझ्या सासू-सासऱ्यांना विचारल्याशिवाय शब्द देणार नाही. उपवासकाळात लग्नं लागत नाहीत, त्यामुळे घाई नाही. पण ईस्टरनंतर इथल्या फादरांना काहीतरी सांगावं लागेल.

बाबा, ह्यांना मी विसरले असं समजू नका. विसरणं सोपं गेलं असतं. पण वर्षभर मनात ह्यांच्यावर राग धरून बसले आहे. घंटाघराच्या खिडक्या बदलायला चढलेला माणूस, घरी बायको, तीन वर्षांची लेक, आणि परांचीच्या दोरीची गाठ नीट बघत नाही? सगळे तेच म्हणाले ना, की गाठ सुटली आणि ते खाली पडले. हा राग घेऊन मला म्हातारं व्हायचं नाही.

तुम्ही नाही म्हणालात तर विषय इथेच संपला. आईंना नमस्कार. आजवर मला जशी सांभाळलीत तशीच सांभाळा.

तुमची,
सूनबाई


दि. १ मार्च, उपवासकाळाचा दुसरा रविवार

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. छकुलीचं तोंड धुण्याचं वाचून तुझी सासू हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. तेवढाच भाग तिला वाचून दाखवला.

इकडे सगळं रीतीप्रमाणे चाललंय. चर्चमधल्या पुतळ्यांवर जांभळी कापडं चढली. शिंपीणबाईंनी यंदा नवी शिवली, पण माप चुकलं. योसेफाचे पाय उघडेच राहिले. थंडी वाजेल म्हणून म्हाताऱ्या बायका हळहळल्या. दर शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट होते. चौदा स्थानं, चौदा घरं. प्रत्येक घरापुढे सगळा जमाव थांबतो, त्या घरातलं कुणी चार शब्द वाचतं, प्रार्थना होते आणि पुढे जातात. आपल्या घराला तेरावं स्थान आलं आहे, प्रभूला क्रुसावरून उतरवून आईच्या मांडीवर देतात ते. फादरांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पहिल्या शुक्रवारी मी घरात नव्हतो. तुझ्या सासूनेच वाचलं.

उत्तम शुक्रवारच्या मिरवणुकीचा मोठा क्रूस दरसाल मी करतो. यंदा फादरांना सांगितलं, दुसरा सुतार बघा. ते म्हणाले, हात दुखतो का. मी हो म्हटलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर निराळं लिहीन. जरा सवड दे. छकुलीला पाटी-खडू पाठवतो आहे. आशीर्वाद आहेतच, तू जप स्वतःला.

तुझा,
बाबा


दि. ८ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

पाटी मिळाली. तिच्यावर पहिलं चित्र तुमचं निघालं. कान केवढे ते विचारू नका.

सवड दिली. पण तुमचं पत्र तीनदा वाचूनही मला कळत नाही, की तुम्ही दुखावला आहात की रागावला आहात. आईंना तुम्ही काही सांगितलंच नाही, हेही दिसतं आहे. बाबा, माझ्या माहेरी कुणी नाही. अनाथालयातून मी थेट तुमच्या उंबऱ्यात आले. माझं बरंवाईट तुम्ही नाही सांगायचं तर कोणी? नकार असेल तर नकार लिहा. गप्प बसून शिक्षा करू नका.

आणि तुम्ही चर्चमध्ये कम्युनियनची भाकर घेत नाही, शेवटच्या बाकावरून उठून जाता, असं शिंपीणबाईंनी फोनवर सांगितलं. तब्येत बरी नाही का? काय ते खरं लिहा.

तुमच्या शब्दाची वाट पाहणारी,
सूनबाई


दि. १४ मार्च

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

खरं लिही म्हणालीस, तर लिहितो. बसून वाच.

गाठ सुटली नव्हती. त्याची गाठ कधीच सुटत नसे, मी शिकवली होती. फळी मोडली. ती फळी मी निवडली होती आणि मीच तिथे घातली होती.

आदल्या संध्याकाळी फळीवरून हात फिरवला, तेव्हा खालच्या बाजूला भेग लागली. अंगठ्याचं नख जाईल एवढी. म्हटलं, उद्या दुपारी बदलू. त्याला सांगितलं नाही. सकाळी मी खाली चौकट जुळवत होतो. तो वर चढताना मी पाहिला. भेगेची आठवणही झाली. हाक मारायला हवी होती. पण चौकटीला सरस लावून झाला होता, सोडला असता तर वाळला असता. एवढे सांधे बसवू आणि मग हाक मारू, असं म्हटलं. तीन सांधे बसवले. चौथ्याला आवाज आला.

खाली फळ्यांचा ढीग पडला होता आणि दोरी लोंबत होती. बरोबरचा गवंडी म्हणाला, गाठ सुटली वाटतं. माझ्याकडे बघून म्हणाला. मी मान हलवली. तेवढंच केलं, पोरी. पुढचं लोकांनी केलं. दुसऱ्या दिवशी, माती द्यायच्या आधी, मी एकटा तिथे गेलो, मोडक्या फळीचे दोन तुकडे उचलले आणि कारखान्याच्या शेगडीत घातले.

वर्षभर फादरांकडे कबुलीला गेलो नाही. या मंगळवारी गेलो.  फादर म्हणाले, देवाची क्षमा मी तुम्हाला सांगू शकतो, पण मेलेल्या मुलाच्या नावावर घातलेली चूक तुमच्याच तोंडाने उतरली पाहिजे. आधी तुला सांगतो आहे. तुझ्या सासूपुढे अजून तोंड उघडलेलं नाही.

तू परवानगी मागतेस. तुला विधवा करणारा माणूस कसली परवानगी देणार? हो म्हणालो तर भरपाई दिल्यासारखं, नाही म्हणालो तर त्याहून वाईट. म्हणून पहिल्या पत्राला उत्तर नव्हतं. तुझ्यावर राग नव्हता.

छकुलीला पापा. पुढे काही मागायला मला तोंड नाही.

बाबा


दि. २७ मार्च

बाबा,

वर काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून मायना लिहिलेला नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी वॉर्डात एका आजोबांना सुई टोचताना माझ्याकडून शीर दोनदा चुकली. मुख्य सिस्टरांनी सुई काढून घेतली आणि मला घरी पाठवलं. तेव्हापासून रोज तुम्हाला पत्र लिहिते आणि फाडते.

फळीची भेग मी समजू शकते. माझ्या कामातही चुका होतात. एक गोळी चुकली तर काय होतं ते मी पाहिलं आहे. सरसाचंसुद्धा समजते. हातातलं काम टाकवत नाही माणसाला. पण तुम्ही मान हलवलीत, त्याचं काय करू? वर्षभर मी मेलेल्या नवऱ्याशी भांडले. त्यांचा फोटो कपाटात उलटा ठेवला. छकुलीने विचारलं, बाबा कसे पडले, तर मी सांगितलं, त्यांनी नीट लक्ष दिलं नाही. चार वर्षांच्या पोरीला बापाविषयी एवढंच माहीत आहे, आणि ते मी शिकवलं आहे. तुम्ही रोज माझ्यासमोर जेवायला बसत होता, बाबा. दहाव्याला, चाळिसाव्याला, मी इथे यायला निघाले तेव्हा. माझी ट्रंक उचलून तुम्ही गाडीत ठेवलीत.

माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं पुरे झालं.

आईंना सांगा. आणि ज्यांच्यासमोर मान हलवलीत त्यांनाही सांगा. माझ्यासाठी म्हणून नाही. तुमच्या मुलाची अब्रू परत करा.

लग्नाचं आता तुम्हाला विचारत नाही. एक्स-रेवाल्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, माझी घाई नाही, आधी हे होऊ दे.

आईंना जपा.

सून


दि. ६ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

लाडक्या लेकीस,
तुझ्या आईचे पोटभर आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. अक्षर वाकडं येतं. वाचून घे.

पवित्र गुरुवारी दुपारी तुझ्या बाबांनी मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. मी भाजी चिरत होते. सगळं ऐकलं, विळी आडवी केली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. किती वेळ बसले ते कळलं नाही. ते दारात उभेच होते. संध्याकाळच्या उपासनेनंतर आपल्याकडे घंटा बंद होते, शनिवारपर्यंत वाजत नाही. यंदा मला बरं वाटलं. त्या घंटाघराकडे वर्षभर बघवलं नव्हतं.

 शुक्रवारी क्रुसाची वाट निघाली. यंदाचा क्रूस दुसऱ्या सुताराने केला होता, जड झाला होता, माणसं दर दोन घरांनी खांदा बदलत होती. आपल्या दारात सगळे थांबले. मी चष्मा लावून कागद उघडला, तर तुझे बाबा पुढे आले आणि माझ्या हातातून कागद घेतला. मला वाटलं, आज ते वाचणार. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि बोलायला लागले. ऐकू येत नसल्याने त्यांना आपला आवाज कळत नाही, फार मोठ्याने बोलले. गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल. फळी माझी, भेग मला माहीत होती, माझ्या मुलाची गाठ पक्की होती, त्याच्या नावाने मी खोटं बोललो. एवढंच. रडले नाहीत.

 गवंडी खाली रस्त्यावरच बसला. बेकरीवाली बाई, जिच्या मुलाबरोबर आपला शाळेत होता, ती गर्दीतून निघून घरी गेली, मागे वळून पाहिलं नाही. तिला नावं ठेवत नाही.  फादरांनी प्रार्थना सुरू केली, मग एकेक आवाज मिसळला. चौदाव्या घराकडे जाताना तुझे बाबा मागेच राहिले, तर शिंपीणबाई त्यांच्याजवळ थांबल्या.

ईस्टरच्या सकाळी मी कबरस्तानात गेले. ते माझ्यामागे दहा पावलांवर होते. मी पोराला सांगितलं, लोकांना खरं कळलं रे.  मग दोघं तिथेच गवत उपटत बसलो. बरंच माजलं होतं.

माफ केलं का, असं मला विचारू नको. मला माहीत नाही. वाढते, जेवतात. काल चहात साखर विसरले तर त्यांनी मागितली नाही, म्हणून मी उठून दिली. बेचाळीस वर्षं झाली, बाई. एकुलता मुलगा दोघांचा गेला. बाकी आता कुणाकडे जाणार?

आता तुझं. शुक्रवारनंतर त्यांनी तुझं पहिलं पत्र मला दिलं. वाचून मी रडले, त्यात तुझा दोष नाही. तू लग्न कर. मी सांगते म्हणून कर. त्या माणसाला एकदा घेऊन ये, बघते कसा आहे. एक्स-रे काढणारा आहे म्हणतेस, माझे गुडघेही दाखवीन. लग्नात नवरीकडच्या बाकावर मी बसेन. तिथे दुसरं कोण बसणार? तुझे बाबा यायचे की नाही, हे तू ठरव. त्यांना राग येणार नाही. ते विचारायला धजत नाहीत, म्हणून मी विचारते.

छकुलीला घट्ट मिठी. आम्हा दोघांवरचं मन काढून घेऊ नको.

तुझी,
आई


दि. १२ एप्रिल

ती. आई व ती. बाबा,
दोघांना सा. न.

लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी. चर्चमध्ये लग्नाच्या घोषणा पुढच्या रविवारपासून होतील. माणसं मोजकीच.

दोघांनी या. बाबांना सांगा, मी कदाचित त्यांच्याशी फार बोलणार नाही. जमेल तेव्हा जमेल. पण बाक तुमच्या दोघांचा आहे, तिथे एकट्या आईंना बसलेलं मला पाहवणार नाही.

काल छकुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. तुझ्या बाबांची चूक नव्हती, फळी मोडली, आणि आईने तुला चुकीचं सांगितलं होतं. तिने ऐकलं. मग विचारलं, आजोबांनी बाबांना हाक का नाही मारली?  मी म्हटलं, आजोबा येतील तेव्हा तेच सांगतील.

तेव्हा बाबा, एक दिवस आधी या.

तुम्हा दोघांची,
सूनबाई