शिंजुकूचे पश्चिम दार

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
२ फेब्रुवारी

तीर्थरूप प्रतिमामावशीच्या चरणी त्र्यंबकचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? रवींद्रदादा फोनवर "उत्तम" म्हणतो. पण तो तुझा मुलगा असल्याने त्याचे म्हणणे मी पुरावा म्हणून धरत नाही. आम्ही तिघेही ठीक आहोत. सुमेधा माझ्याशी कामापुरते बोलते आहे. रुहीला विद्यापीठांची पत्रे येऊ लागली आहेत. माझी पाठ, जमिनीवर रांगून चिकटपट्ट्या खरवडल्यामुळे, थोडी धरली आहे. त्या पट्ट्यांविषयीच हे पत्र आहे.

पण शास्त्रशुद्ध मांडणी म्हणून प्रश्न आधी सांगतो. एप्रिलच्या आपल्या जपानच्या सहलीत (तू, रवींद्रदादा आणि आम्ही तिघे) टोकियोहून हाकोनेला जायचे दोन मार्ग आहेत. एक, शिंजुकू स्थानकात गाडी बदलून आगगाडीने. दुसरा, भाड्याच्या व्हॅनने. सुमेधा व्हॅनच्या बाजूची आहे आणि आरक्षण येत्या शुक्रवारी पक्के करायचे आहे. म्हणजे मला शिंजुकू पाहायला मिळणार की नाही, याचा निकाल शुक्रवारी. मी बावीस वर्षे या देशात पार्किंग लॉट आखतो आहे आणि त्यांतली अकरा वर्षे, फावल्या वेळात, शिंजुकूचा अभ्यास करतो आहे. ज्याने आयुष्यभर उभ्या वाहनांसाठी रेघा मारल्या, त्याला चालत्या माणसांचे सर्वांत मोठे स्थानक एकदा तरी डोळ्यांनी पाहावेसे वाटणारच. (हे वाक्य मी सुमेधालाही ऐकवले होते. ती तेव्हा तीळ भाजत होती.)

तू भूगोलाची शिक्षिका, म्हणून तुला पार्श्वभूमी सांगताना संकोच वाटत नाही. शिंजुकू म्हणजे नवा मुक्काम. जुन्या हमरस्त्यावर प्रवाशांसाठी वसवलेली ती वस्ती होती. स्थानक आले १८८५ साली, तेही वस्तीच्या कडेला, रानातच म्हण ना. सुरुवातीला दिवसाला मोजके प्रवासी येत आणि पावसाच्या दिवशी कोणीच येत नसे, असे सांगतात. (एकटा स्थानकप्रमुख रिकाम्या फलाटावर उभा आहे, हे चित्र मला फार जवळचे वाटते.) मग एकेक कंपनी आपापला रूळ घेऊन येत गेली, प्रत्येकीने आपले फलाट आणि आपली दारे जोडली, आणि आता तिथून रोज तीस-पस्तीस लाख माणसे जातात. दारे दोनशेहून अधिक आहेत. गंमत अशी की पूर्वेकडून पश्चिमेकडे तिकिटाशिवाय सरळ चालत जाता येईल असा प्रशस्त रस्ता स्थानकाच्या पोटातून निघाला तो थेट २०२० साली. तोवर लोक वळसा घालत होते. एकशे पस्तीस वर्षे, मावशी, आणि कोणी आरडाओरडा केला नाही. मला ही माणसे आवडतात.

तर असे स्थानक सरावाशिवाय पार करणे अविचाराचे, म्हणून मी घरात रंगीत तालीम योजली. तळमजल्यावर गुरुवारी पट्ट्या चिकटवल्या. मुख्य दार ही पूर्व बाजू. तिथून नारिंगी पट्टी (चुओ मार्ग, आपण तिने येणार) स्वयंपाकघराला वळसा घालून कपडे धुण्याच्या खोलीपर्यंत. तिथे गाडी बदलायची. पुढे निळी पट्टी (हाकोनेकडची गाडी) गॅरेजपर्यंत. रुहीने नारिंगी पट्टीच्या टोकावरच्या बाणाकडे पाहून एवढेच म्हटले, "डॅड, दॅट्स द लॉन्ड्री रूम." कल्पनाशक्तीचा अभाव हा या पिढीचा दोष नाही, त्यांना गुगल मॅप्सने तसे वाढवले आहे.

तालीम रविवारी सकाळी होती. शनिवारी दुपारी सुमेधाचे हळदीकुंकू आहे, हे मला ठाऊक होते. तिने शुक्रवारी पट्ट्या काढायला सांगितल्या हेही खरे. परंतु मोजमापे नोंदवल्याशिवाय पट्टी उचलणे म्हणजे उत्खननातली खापरे खिशात घालण्यासारखे आहे. मी नोंदी करत होतो. तेवढ्यात शनिवारचे चार वाजले.

येथे एक स्थानिक चाल समजावून द्यायला हवी. आमच्या मंडळाच्या गणपतीला शाळेच्या कॅफेटेरियात चारशे पाने उठतात. सहा वर्षांपूर्वी तिथे इतका गोंधळ झाला की वरणाच्या रांगेतली माणसे चपलांपाशी पोहोचली. तेव्हापासून जमिनीवर पट्ट्या लावायची पद्धत मीच सुरू केली. हिरवी पट्टी दर्शनाकडे, नारिंगी पट्टी जेवणाकडे. आता या गावातला मराठी माणूस नारिंगी पट्टी दिसली की काही न विचारता तिच्यावरून चालू लागतो. ही माझ्या कारकिर्दीतली सर्वांत यशस्वी आखणी आहे, आणि ती मी त्या दिवशी साफ विसरलो होतो.

तेहेतीस जणी आल्या. दारात बूट काढले, कोट माझ्या हातात दिले, खाली पाहिले आणि निघाल्या. मी कोट वरच्या खोलीत नेऊन ठेवत होतो, त्यामुळे पुढचे मला दिसले नाही. सुमेधा दिवाणखान्यात हळदीकुंकवाचा करंडा, तिळगूळ आणि वाणाच्या स्टीलच्या डब्या मांडून बसली होती. दिवाणखाना पट्टीवर नव्हता. वीस मिनिटे तिच्याकडे कोणी फिरकले नाही. दारावरची घंटा तर सारखी वाजत होती. शेवटी तिने जिन्याखाली येऊन विचारले, "त्र्यंबक, बायका कुठे आहेत?"

मी वरूनच म्हणालो, "पश्चिमेला."

हे उत्तर अचूक होते. बत्तीस जणी कपडे धुण्याच्या खोलीपासून थेट बेसिनपर्यंत, काठापदरात, शिस्तीत रांग लावून उभ्या होत्या. नीलांबरी वॉशिंग मशीनला टेकून आपल्या नव्या सुनेला मंडळाचा इतिहास सांगत होती. एकीनेही तक्रार केली नाही; सुचित्रा तर म्हणाली की यंदा रांग फार सुरेख चालली आहे. गणती एकाने कमी भरत होती. त्या शोभाकाकू, वय एक्याऐंशी. त्या निळ्या पट्टीने पुढे जाऊन गॅरेजमध्ये आमच्या गाडीत, पट्टा लावून बसल्या होत्या.

सुमेधाने सगळ्यांना हळदीकुंकू लावले, वाण दिले, हसून निरोप दिला. दार लागल्यावर ती मला शांतपणे म्हणाली, "दोन मजली घरात तू तेहेतीस बायका हरवल्यास. तिकडे मावशी हरवल्या तर मी रवींद्रभावजींना काय सांगू? व्हॅन."

तिच्या भावनेचा मी आदर करतो. ती वीस मिनिटे त्या रिकाम्या खोलीत काय विचार करत बसली असेल हे मनात आले की मला माझीच लाज वाटते, आणि मी तिला तसे सांगितलेही आहे. पण पुराव्याचा अर्थ तिने उलटा लावला. शोभाकाकू हरवल्या नव्हत्या. तेहेतीस जणींत गाडी बरोबर बदलली ती त्यांनी एकट्यांनी, काठी घेऊन, कोणालाही न विचारता. मग तू तर चौऱ्याहत्तरच वर्षांची आहेस.

रवींद्रदादाला नमस्कार, वहिनींना नमस्कार. हे पत्र त्याच्याकडून मोठ्या अक्षरांत छापून घे.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. : व्हॅनचे मुख्य कारण तुझे गुडघे, असे सुमेधा सर्वांना सांगते आहे. शुक्रवारच्या आत तू कुटुंबाच्या ग्रुपवर एवढेच लिही की डॉक्टरांनी बसून राहायला मनाई केली असून चालायला सांगितले आहे. डॉक्टर असे नेहमीच सांगतात, त्यामुळे यात असत्य काही नाही.

ता. क. २ : वरची विनंती रद्द. तू सोमवारीच सुमेधाला फोन करून "व्हॅनच बरी, आणि मला पुढची सीट" असे सांगितलेस, हे मला आत्ता कळले. राग नाही. आरक्षण झाले.

ता. क. ३ : पावती आली. व्हॅन हॉटेलच्या गल्लीत येत नाही. बसायचे ठिकाण : शिंजुकू स्थानक, पश्चिम दार, सकाळी नऊ. सुमेधा पावती घेऊन माझ्या टेबलापाशी आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बरं, पश्चिम दार म्हणजे नेमकं कुठलं? नीट समजावून सांग." मावशी, अकरा वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. मी नकाशे पसरले. दोन तास समजावले. तिने वहीत टिपून घेतले. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आले की 'पश्चिम' नाव असलेली तिथे बरीच दारे आहेत आणि त्यांतले कोणते, हे मला सांगता येत नाही. हे मी तिला अजून बोललो नाही. तू आणि रवींद्रदादा आमच्या एक दिवस आधी टोकियोला पोहोचता. तर जरा जाऊन बघून ये.