खोकल्याला ॲलर्जी म्हण

बुधवार, १४ ऑगस्ट

चि. छबूस,

अनेक आशीर्वाद. हाताला सवय आहे म्हणून लिहिले. अंगाला लावून घेऊ नकोस. मी ठीक. माझीही तपासणी झाली, काही निघाले नाही.

तुझी थोरली माझ्याकडे आहे. सासरच्यांनी तिची बॅग फाटकाबाहेर ठेवली आणि ती बसायची ती खुर्ची जाळली. खुर्चीमुळे कुणाला क्षय होत नाही, पण त्या शहाण्यांना सांगणार कोण? तू तरी कुठे त्यांच्याहून शहाणी! लग्न तोंडावर आले तेव्हा पोरीच्या गोळ्या बंद केल्यास. का, तर त्यांनी लघवी लाल होते आणि सासरी संडास एकच. “खोकलीस तर ॲलर्जी म्हण.” तिने म्हटले. आईच्या शब्दाबाहेर नाही, गुणाची पोर!

खोटे बोललो म्हणून कॉन्व्हेंटात सिस्टरनी आपल्या दोघींच्या हातावर पट्ट्या मारल्या होत्या. माझे हात सुजले, तुझे निर्ढावले.

थोरलीच्या जावेचा दोन वर्षांचा मुलगा तिला चिकटलेला असे. जेवायचा तिच्या मांडीवर, झोपायचा तिच्या कुशीत. त्याला ताप आला, मान ताठली. डॉक्टरांनी विचारले, “घरात कुणाला क्षय आहे का?” हिने कोपऱ्यात जाऊन तुला फोन लावला. तू म्हणालीस, “तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.” ती गप्प राहिली. मी मुलाला बघायला गेले तेव्हा तिचा खोकला ऐकला आणि डॉक्टरांना सगळे सांगून टाकले. तू मला घरभेदी म्हणालीस. म्हण.

मुलगा काल गेला. हे वरच लिहायचे होते, पेन वळले नाही.

तुझा निरोप पोचला: धाकटीचे लग्न जमेपर्यंत थोरलीला पाठवू नकोस. नाही पाठवत. पण काल ती रडता रडता म्हणाली, “मावशी, धाकटीपण खोकते गं. आई म्हणते, घसा बसलाय.”

रविवारपर्यंत धाकटीला तपासून घे आणि रिपोर्ट मला दाखव. नाही तर सोमवारी मी, धाकटीचे जिथे जमवते आहेस त्यांच्या दारात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असे बोलेन. माझा आवाज तुला ठाऊक आहे. तुला रोगाची भीती कधी वाटलीच नाही, वाटली ती लोकांची. मग लोकच पाठवते तुझ्याकडे.

जन्माने तुझी,
ताई