चौदाव्या मिनिटाची ओळ

पुणे, ६ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास आल्हादचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. गेल्या तीन रविवारी फोनवर मी गुडघ्याचं विचारलं, तर तू दर वेळी म्हणालीस, हो हो, उद्या येणार आहेत. कोण येणार ते मला कळेना. मग काकांच्या पल्लवीताईकडून समजलं की तुझं ऐकणं आता जवळपास थांबलं आहे आणि तू कोणाला सांगितलेलं नाहीस. रागावत नाही. फोनपेक्षा हे बरं, असं ठरवून कागद आणले आहेत. मोबाइलवर टाइप करायला तुला आवडत नाही, तर तूही हातानेच लिही.

एक काम आहे. येत्या मे महिन्यात पल्लवीताईच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. तिने लग्नाची व्हिडिओ कॅसेट शोधून माझ्याकडे पाठवली. मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तिचं एक वेब पान करायचं आहे, म्हणजे सगळे नातेवाईक आपापल्या घरी बघतील. निम्म्या मंडळींना आता कमी ऐकू येतं, म्हणून खाली बोलणं लिहून दाखवायचं आहे. पोटासाठी मी हेच करतो. ऑनलाइन धड्यांना अक्षरं लावायची, चित्र कधी यायचं, प्रश्न कधी विचारायचा, ते खुणा घालून लिहायचं. एक खूण सुरू झाल्याची, एक संपल्याची. तुला शोभेल असं शिस्तीचं काम आहे.

बोलणं मशीनकडून लिहून घेतलं, पण त्याने गोंधळ घातला आहे. भटजी म्हणाले, मामा, मुलीला आणा, तर त्याने लिहिलं, मामा, मुळा आणा. म्हणून सगळ्या ओळी छापून, समास सोडून पाठवतो आहे. लाल पेनने तपासून दे. तुला दिलेल्या टॅबवर व्हिडिओ पाठवायला पल्लवीताईला सांगितलं आहे.

चौदाव्या मिनिटाला बाबा दिसतात. मी सहा वर्षांचा असतानाचे बाबा. त्यांचा आवाज माझ्याकडे दुसरा कुठलाच नाही. ते काहीतरी बोलतात, पण नेमकी तेव्हा सनई जोरात आहे. ‘अक्का’ एवढंच कळतं, म्हणजे तुझ्याशीच बोलत होते. बघ, आठवतं का.

तब्येतीला जप. उत्तराची वाट बघायची सवय मोडली होती, ती परत लावतो आहे.

तुझा,
आल्हाद

---

उज्जैन, १५ फेब्रुवारी २०२४

चि. आल्हादास अ. उ. आ.

पत्र मिळालं. पोस्टमनने दारात उभं राहून किती वेळ घंटी वाजवली असेल देव जाणे. शेवटी खिडकीतून हात हलवला तेव्हा दिसला.

सांगितलं नाही ही चूक. पण सांगून काय होणार होतं? मशीन घेतलं होतं कानाचं, त्यातून नुसता बाजार ऐकू यायचा, शब्द नाही. तीन वर्षं झाली आता. मी लोकांच्या ओठांकडे बघते. दूधवाला, सब्जीवाली, बँकेतली मुलगी, सगळ्यांचं बऱ्यापैकी समजतं. गंमत म्हणजे हिंदी लवकर कळते. मराठी बोलणारं माधव नगरात आपल्या ओळखीचं आता राहिलंय कोण? पलीकडच्या माई गेल्या, शेजारचे प्रकाशराव मुलाकडे भोपाळला गेले. समोरच्या ओठांवर मराठी बघितली नाही त्याला महिने झाले असतील.

तुझे कागद तपासले. एकशे बारा चुका काढल्या. ‘वरमाय’चं ‘वर माया’ केलंय, तुझ्या मशीनला पुन्हा चौथीत बसवायला पाहिजे. ती वेळ लिहायची पद्धत मला आवडली, कोण कधी सुरू झालं, कधी थांबलं. शाळेत स्टाफच्या मीटिंगला अशी पद्धत असती तर अर्धे लोक गप्प बसले असते. एक विचारते, तू जेवायला काय करतोस? पत्रात कामाबद्दल दीड पान आहे, जेवणाबद्दल काही नाही.

सुहासचं दृश्य बघितलं. चित्र फार भरभर पळतं. त्याने डोक्यावरचे केस तेव्हा बारीक कापले होते, ते विसरले होते मी. आठवतं म्हणशील तर त्या दिवशी तो माझ्यापाशी येऊन काही बोलला एवढं आठवतं. काय, ते नाही.

आशीर्वाद आहेतच, ते मोजून थोडेच येतात.

आत्या

---

पुणे, २४ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

एकशे बारा चुका दुरुस्त केल्या. तुझं लाल पेन बघून चौथीतला मीच आठवलो.

जेवणाचं म्हणशील तर डबा येतो. कंपनीने ऑफिस बंद करून सगळ्यांना घरूनच काम दिलं त्याला दोन वर्षं झाली. खोलीत दिवसभर आवाज असतात, पण ते धड्यांचे. परवा एका व्याख्यानाला ओळी लावत होतो, तिथे कंसात ‘हशा’ लिहिलं, आणि लक्षात आलं की सकाळपासून मी स्वतः तोंड उघडलेलं नाही. मग डबेवाल्याशी उगीच पावसाळ्याबद्दल बोललो. फेब्रुवारीत. आई गेल्यापासून असंच चाललं आहे. तू काळजी करशील म्हणून लिहीत नव्हतो, पण तू विचारलंस.

आता कामाचं. तुझ्यासाठी पानावर दोन बटणं केली आहेत. डावीकडचं दाबलं की चित्र एक सेकंद मागे जातं. उजवीकडचं दाबलं की हळू चालतं, चौपट हळू. पान म्हणजे नुसत्या खुणा असतात, त्या जागच्या हलत नाहीत. बटण दाबल्यावर काय करायचं ते वेगळ्या ओळींत सांगावं लागतं, त्याला स्क्रिप्ट म्हणतात. ही स्क्रिप्ट कंपनीसाठी नाही, फक्त तुझ्यासाठी लिहिली. दुपारभर लागली आणि बरं वाटलं.

आत्या, मला बाबांचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. तुला आवाज येत नाही, पण ओठ कळतात. हे तुझ्याशिवाय कोणी करू शकणार नाही. लग्नानंतर दोन महिन्यांनी ते गेले, आणि आई शेवटपर्यंत हेच म्हणत राहिली की कोणाला एका शब्दाने बोलले नाहीत. मला तो एक शब्द तरी हवा आहे.

घाई नाही. म्हणजे आहे, पण तुला करत नाही.

आल्हाद

---

उज्जैन, ५ मार्च २०२४

चि. आल्हादास अ. उ. आ.

बटणं छान चालतात. हळू केलं की पंगतीतली माणसं पाण्यात असल्यासारखी जेवतात.

सुहासचं वाचलं. चार-पाच दिवस रोज बघितलं, तेव्हा नक्की झालं. तो म्हणाला, अक्का, आल्हाद मोठा होईल तेव्हा त्याला सांग, त्याच्या बाबाचा त्याच्यावर फार जीव होता. असं लिही. मला वाटतं, तुला हेच हवं होतं आणि ते त्यात होतं, हे चांगलं झालं.

इथे महाशिवरात्रीची गर्दी सुरू झाली आहे. देवास गेटला बसमधून माणसं नुसती उतरतायत. बाहेर पडत नाही, मागून गाडी आली तर समजत नाही मला. सोबत म्हणशील तर समोरची इशिता येऊन जाते. तिचं लग्न ठरलंय, इंदौरचा मुलगा आहे. ती बोलते फार, मी निम्मं ओठांवरून घेते, निम्मं अंदाजाने.

डब्यात भाजी कोणती असते ते पुढच्या पत्रात लिही. नुसतं ‘डबा येतो’ लिहिणं म्हणजे उत्तर नव्हे.

तुला सुख मिळो, इतकंच मागते.

आत्या

---

पुणे, १२ मार्च २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते तीन वेळा वाचलं आणि खरंच रडलो. मग ओळ लावायला बसलो.

फाइलमध्ये ती अशी येते:

१४:०७ ते १४:१०
अक्का, …

सात ते दहा. बाबा तीन सेकंद बोलतात. आवाजाची रेघ स्क्रीनवर दिसते, कुठे सुरू झाली, कुठे थांबली. तू दिलेलं वाक्य मी मोठ्याने म्हणून बघितलं. भरभर म्हटलं तरी सहा सेकंद लागतात. पुष्कळदा म्हटलं. आणि एक, तू लिहिलंस ‘जीव होता’. समोर उभा असलेला माणूस स्वतःबद्दल ‘होता’ म्हणत नाही.

आत्या, तू चौतीस वर्षं मुलांची कॉपी पकडलीस. माझं कामही तेच आहे, बोलणं आणि वेळ जुळते का बघायचं.

वाईट असेल तरी चालेल. माझ्याबद्दल काहीच नसेल तरी चालेल. खोटी ओळ मी बाबांच्या तोंडाखाली लावू शकत नाही.

दोडक्याची होती, आज.

आल्हाद

---

उज्जैन, २३ मार्च २०२४

चि. आल्हादास अ. उ. आ.

पत्र येऊन पाच दिवस झाले. रोज कागद घेतला आणि ठेवला.

तू बरोबर पकडलंस. मी वाचलं होतं पहिल्याच संध्याकाळी, चार-पाच दिवस लागलेच नव्हते. सुहासचे ओठ मला लहानपणापासून माहीत आहेत. तो म्हणाला:

“अक्का, मन लागत नाही गं. तुझ्याकडे येऊ?”

एवढंच. त्यानंतर मीही बोलते. माझा चेहरा अर्धा दिसतो, पण पुरतो. स्वतःचे ओठ वाचायची पाळी आली माझ्यावर. मी म्हणते, “मग बोलू रे.” आणि ताट घेऊन पंगतीकडे वळते. वाढप चालू होतं, जिलबी कमी पडेल असं कोणी म्हणालं होतं. ‘मग’ राहून गेलं. लग्न झालं, माझ्या शाळेचे निकाल आले, नवीन वर्ग सुरू झाले. तो देवास गेटजवळ राहायचा, मी इथे. पायी वीस मिनिटं. तोही आला नाही आणि मीही विचारायला गेले नाही. मिल बंद झाल्यापासून तो दिवसभर घरात बसून असायचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

तो गेला तेव्हा पोलिसांनी विचारलं, तुझ्या आईने विचारलं. मी शपथेवर म्हटलं, मला काही बोलला नाही. खोटं वाटलं नाही रे तेव्हा. काहीतरी बोलला होता एवढंच माहीत होतं, आणि ऐकलं नव्हतं तर सांगणार काय? पण रोज वाटायचं, काय बोलला असेल? मला तेव्हा दोन्ही कान धड होते, आल्हाद.

तुझ्या आईला समजलं असतं की तो बोलला होता, तर ती आयुष्यभर असं म्हणत राहिली नसती. हे तिला सांगायचं राहिलं. खोटी ओळ तुझ्यासाठी लिहिली असं मी स्वतःला सांगत होते, पण ती माझ्यासाठी होती.

आता एक ऐक. पल्लवीच्या पानावर ‘अस्पष्ट’ लिहून ती जागा मोकळी सोडू नकोस. माझी अब्रू राखायला नको. सगळी मंडळी पंचवीस वर्षं म्हणतायत की सुहास जीव देऊन, बायको-पोराला टाकून, न सांगता पळाला. त्याने सांगितलं होतं. दोन्ही ओळी लाव, त्याची आणि माझी.

रागावला असशील तर तसं लिही. नुसतं गप्प राहू नकोस, ते मला वाचता येत नाही.

आत्या

---

पुणे, २ एप्रिल २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

रागावलो. दोन दिवस खूप रागावलो. तुझ्यावर, जिलबीवर, बाबांवरसुद्धा, की एकदाच का विचारलंत, पुन्हा का नाही. मग तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आवाज बंद करून बघितला, तू बघतेस तसा. तेव्हा दिसलं की तू वळल्यावर बाबा हसतात. तुझ्याकडे बघून नाही, असंच, माणूस चारचौघांत हसतो तसं. मला ते हसणं ओळखीचं आहे. डबेवाल्याशी बोलून दार लावताना मी तसाच हसतो.

पल्लवीताईला फोन करून दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. तिने दोन्ही पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाली, राहू दे, माझ्या लग्नात झालंय, तर माझ्या पानावर असू दे.

मी २० तारखेच्या गाडीने उज्जैनला येतो आहे. विचारत नाही, कळवतो आहे. कॉम्प्युटर घेऊन येईन, काम तिथून होतं. किती दिवस ते ठरवलेलं नाही. मी समोर बसून मराठी बोलेन, तू ओठ बघ. मीही पुष्कळ दिवसांत कोणाशी मराठीत सलग बोललेलो नाही, तेव्हा चुका होतील. लाल पेन काढून ठेव.

ओळी लावल्या आहेत. तुझी एका सेकंदाची आहे, ती तेवढीच ठेवली, येते आणि जाते. बाबांची तीन सेकंदांत पुसायला हवी, बोलणं संपलं की ओळ जावी असा आमचा नियम आहे. मी ती आठ सेकंद ठेवली आहे. तू ताट घेऊन वळतेस, कॅमेरा तुझ्यामागून पंगतीकडे जातो, लोक जेवत असतात, बाबा चित्रात नसतात, आणि खाली ती ओळ अजून असते. वाचायला वेळ मिळावा म्हणून.

तुझा,
आल्हाद