अर्थ लागला

मामा, तुम्ही गेल्यावर तुमच्याशी बोलायची मी काही थांबले नाही, फक्त आज ते कागदावर उतरतंय. नात लिहून घेतेय. तिला बजावलंय, माझ्या बोलण्याला इस्त्री करू नकोस. ती म्हणते, "आजी, सासऱ्याला कोण पत्र लिहितं?" मी म्हटलं, ज्या सासऱ्यानं सुनेच्या डोक्यावरची मासळीची पाटी उतरवून हातात टेस्टर दिला, त्याला लिहितात. तुमचा थोरला, माझा नवरा, गेला आणि तुम्ही मला बाळकुमच्या, गाड्यांना टेप बसवायच्या गाळ्यात स्टुलावर बसवलंत. वायरी शिकवल्यात त्या अक्षरानं नाही, रंगानं. लाल बॅटरीची, काळी अर्थची, निळी टेपकडून येऊन अ‍ॅम्प्लिफायरला उठवणारी. "बॅटरीची मोठी वायर गाडीच्या एका अंगानं ने, गाण्याची दुसऱ्या अंगानं. सासू-सून एका चुलीवर ठेवायची नाय," असं सांगताना तुम्ही आधी वळून सासूबाई कुठे आहेत ते बघायचात.

मग तुमचे कान गेले. भाऊजींनी, तुमच्या धाकट्यानं, संधी साधली, त्यांना गाळा लादीवाल्याला विकायचा होता. "बाबांना ऐकू येत नाय, वयनीला वाचता येत नाय, आणि दुकान कसलं, तर गाण्याचं!" खोटं कशाला बोलू, मला हसू आलं, वाक्य झकास होतं. तुम्ही मात्र बहिऱ्या माणसासारखे ओरडलात, "आता जी गाडी येईल ती ही एकटी करेल. धड झाली तर गाळ्याची गोष्ट परत काढायची नाय. बिघडली तर बोलव तुझ्या लादीवाल्याला!" मला कोणी विचारलं? पण गाळा गेला असता तर मी परत पाटीखाली गेले असते, आणि ते मला करायचं नव्हतं. मी पदर खोचला.

आला तो दिवा गावचा नवरदेव. पांढरी नवी कोरी गाडी, बॉनेटवर कुंकवाचं ओलं स्वस्तिक, डिकीत कपाटाएवढ्या पेटीत दोन वूफर, धडधडणारे मोठे स्पीकर. "मावशी, हळदीला गावाची कौलं हलली पायजेत." अ‍ॅम्प्लिफायर त्यानंच आणलेला, त्यावर सोनेरी मोठमोठे आकडे. भाऊजी ते मोठ्यानं वाचून दाखवतात, जसं काही वाचलं की वाजतंच. मी हातात घेऊन बघते, तर सुक्या बोंबलासारखा हलका. मासा ताजा आहे हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं, कल्ला उचलून बघावा लागतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा कल्ला म्हणजे त्याचा फ्यूज. तुम्हीच सांगितलेलं, लाल म्हणजे लहान पोट, थोडाच करंट पचवणारं, हिरवा म्हणजे मोठं. सोनेरीला एकच लाल. आपल्या फळीवर काळा, जड, बिनशृंगाराचा होता, त्याला दोन हिरवे. "हा बसवते. दोन वूफरचं ओझं एकदम पडलं तरी हा तापून बसणार नाही. तो सोनेरी तू सत्यनारायणाला वाजव." नवरदेव रुसला, पण हो म्हणाला.

बॅटरीजवळ फ्यूज घातला, पत्र्याच्या भोकात रबर बसवून जाडी वायर मागे नेली, गाण्याची वायर दुसऱ्या अंगानं. राहिली काळी. ती नागड्या पत्र्यावर आवळायची असते हे मला पाठ होतं. पण गाडीवर कुंकू ओलं, नवरदेव डोळ्यांनी गाडीला गोंजारतोय. हळद लागायच्या आधी नवऱ्याला ओरखडा काढायचा? हात धजला नाही. रंगावरच बोल्ट आवळला.

टेप लावला. वूफर असा घुमला की तुम्ही पेटीवर तळवा ठेवून मान डोलावलीत. खालचा आवाज तुम्ही तळव्यानं ऐकायचात. मग नवरदेव इंजिन चालू करतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, आणि गाण्यातून निघते कुईं! पाय दाबला की चढते, सोडला की उतरते. भाऊजी मिशीत हसतात. तुम्ही पेटीवरचा हात न काढता माझ्याकडे बघता आणि म्हणता, "अर्थ लागला नाय."

"अक्षर येत नाय तिला," भाऊजी म्हणाले, "अर्थ कुठनं लागायचा?"

मी बोल्ट काढला आणि पिशवीतली जुनी खवले काढायची सुरी घेऊन डिकीत शिरले. "अवो मावशी, माझी गाडी!" "गप रे. जिताडा काय खवल्यांसकट शिजवतोस?" रंग खरवडला, पत्रा चांदीसारखा उघडा पडला, काळी वायर आखूड करून आवळली. परत इंजिन, परत अ‍ॅक्सिलरेटर. कुईं नाही. नुसतं गाणं, आणि समोरच्या टपरीवरच्या बशा नाचतायत. भाऊजी पुढे आले आणि तुमच्या शेजारी त्यांनीही पेटीवर हात ठेवला.

गाळा अजून आहे. बाहेर माझ्या नावाचा बोर्ड आहे म्हणे, मी काही वाचलेला नाही. त्या दिवसाचं कोणी विचारलं की मी सांगत आले, "आमच्या मामांनी ऐकलं, म्हणून सापडलं." नात विचारतेय, शेवटी काय लिहू, आणि हे टाकायचं कुठे? टाकायचं कुठेच नाही, फ्यूजच्या डब्यात राहील. आणि शेवटी लिही: मामा, ती कुईं तुम्हाला ऐकूच आली नव्हती. तुम्ही माझं पडलेलं तोंड वाचलंत. मला तेव्हाच कळलेलं, पण भाऊजी समोर होते, म्हणून बोलले नाही.