तफावतीचं कारण

१८ एप्रिल, शनिवार

गेली परीक्षा! पुढे ढकलली नाही. सरळ रद्द. साथ ओसरत नाही, मुलांना एका हॉलमध्ये तीन-तीन तास बसवणं धोक्याचं. पटतं. तरी राग आला तो आलाच. सव्वीस वर्षं गणित शिकवतेय. शेवटच्या वर्षाची मुलं घासूनपुसून तयार करायची आणि मैदानात उतरायच्या आधीच म्हणायचं, जा घरी!

आमची भिंगरी, माझी लेक, यंदा त्याच वर्गात. टोकं काढून ठेवलेल्या पेन्सिली तिनं एकेक करून परत डबीत घातल्या. तिला जहाजं बांधायची आहेत. आमच्या घरात कोणाला पोहता येत नाही, आणि ही जहाजं बांधणार! विद्यापीठाचं पत्र फेब्रुवारीपासून फ्रिजला चिकटवलेलं आहे. जागा देऊ, पण गणितात नव्वद किंवा जास्त हवेत. एक गुण कमी पडला तर पुढच्या नंबरला.

आणि आता गुण कोण देणार? म्हणे, ज्यांनी वर्षभर शिकवलं ते शिक्षक. वर्षातल्या तीन चाचण्यांचे पेपर पाहून.

म्हणजे मी.

१९ एप्रिल

नणंदेचा फोन. "मग काय गं, तुझ्याच हातात आहे की! दे ठोकून पंच्याण्णव!" जिभेला हाड नाही बाईच्या. फोन ठेवल्यावर बराच वेळ धुसफुसत होते.

२० एप्रिल, सोमवार

शाळेत गेले. शिपायानं फाटक उघडून दिलं. आत चिटपाखरू नाही. स्टाफरूममधलं कपाट उघडलं, तिन्ही चाचण्यांचे गठ्ठे काढले. तिचे पेपर वेगळे केले.

७४, ७८, ७७.

आकडे माझेच. लाल शाई माझीच. पण इतके कमी? मी पानं उलटत बसले आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं. उत्तर बरोबर, मधल्या दोन पायऱ्या नाहीत – गुण शून्य. उत्तर बरोबर, एकक लिहिलं नाही – दोन गुण कापले. इतरांचं एकक राहिलं की मी अर्धा कापते. पायऱ्या गाळल्या तर एखादा. बाकीच्या बत्तीस मुलांना तसंच केलंय. हिला नाही.

का ते मला चांगलं ठाऊक आहे. ती आठवीत माझ्या वर्गात आली. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूमच्या दाराशी कानावर पडलं, "घरचीच परीक्षक, तिला कसली काळजी!" त्या दिवशी कानाला खडा लावला. कोणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. शाळेच्या फाटकाच्या आत मी तिची बाई. बाहेर आई. पेपर घरी आले की पालकांची सहीसुद्धा हे करतात. मीच तपासलेल्या पेपरावर मीच सही कशी करू?

आणि खोटं कशाला लिहू, मला याचा अभिमान होता! वाटायचं, चाचण्या काय, सराव आहे. इथे कापले की तिथे सावध राहील. खरी परीक्षा बाहेरचे लोक तपासतील, तेव्हा तिचे खरे गुण कळतीलच.

ते बाहेरचे लोक आता येणार नाहीत.

२१ एप्रिल

सरासरी ७६.३३. चार वेळा काढली. गणितच ते, तेवढीच येणार.

२३ एप्रिल, गुरुवार

मुख्याध्यापिकांनी बोलावलं. नवा नियम आलाय. शिक्षकाचं स्वतःचं मूल वर्गात असेल तर त्याचे पेपर दुसऱ्या शिक्षकाने पुन्हा तपासायचे. दोघांच्या गुणांत पाचापेक्षा जास्त तफावत आली, तर पहिल्या परीक्षकाने लेखी कारण द्यायचं. कारण ग्राह्य असेल तर सरासरी धरणार. नसेल तर दुसऱ्याचे गुण.

दुसरा शिक्षक कोण? ताडमाड! गेल्या वर्षी लागलाय, खालच्या वर्गांना शिकवतो. दारातून वाकून येतो म्हणून मुलांनी नाव ठेवलंय. माझाच विद्यार्थी. नववीत याचा आठ नेहमी आडवा पडलेला असायचा, मी त्याच्याकडून दोन पानं भरून आठ काढून घेतले होते. अजून मी आले की खुर्चीतून उठतो. तो आता मला तपासणार.

गठ्ठा त्याच्या हातात दिला. "बाई, मी काय बोलणार..." म्हणाला. म्हटलं, "बोलू नका. तपासा."

२६ एप्रिल, रविवार

भिंगरीला सांगितलं. सगळं. पायऱ्या, एकक, ताडमाडकडे गेलेला गठ्ठा, सगळं. आकडे तिला माहीत होतेच, पण इतरांचे किती कापते ते माहीत नव्हतं. मला वाटलं रडेल, भांडेल. ती फक्त म्हणाली, "बरं."

जेवताना म्हणाली, "बाई, मीठ देता?"

घरात! बाई! देता! ह्यांचा घास हातातच राहिला. मी मीठ दिलं. काय करणार?

२७ एप्रिल

आज दिवसभर बाई. "बाई, टॉवेल कुठे ठेवलात?" "बाई, बाबा विचारतायत दूध आणायचं का." काय आवाज, काय आदब! अंगाची लाहीलाही झाली. आणि आतून – लिहू का? – थोडं कौतुकही वाटलं. भांडायची तर अशी भांडावी. एकही पायरी न गाळता.

ह्यांचं चष्म्याचं दुकान. आज काउंटरवरची काच पुसता पुसता म्हणाले, "वीस वर्षं गावभरच्या डोळ्यांचे नंबर काढतोय. घरातली एक बाई राहूनच गेली. लांबची बत्तीस मुलं बरोबर दिसतात, जवळची एक दिसत नाही."

मी डबा ठेवला आणि निघाले.

३० एप्रिल, गुरुवार

ताडमाडचे आकडे आले. ९२, ९४, ९३.

समोर बसून बोलायची त्याची हिंमत होईना. टेबलाकडे बघत म्हणाला, "बाई, मी माझ्या मनानं काही दिलेलं नाही. बाकीच्यांचे पेपर शेजारी ठेवले. तुम्ही त्यांना जसं तपासता, तसंच हिला तपासलं." चेहरा लालबुंद. आणि हो – त्याचे आठ आता छान उभे असतात.

मग तो फॉर्म. एकच पान. खाली रकाना – 'तफावतीचे कारण'. दोन ओळींची जागा.

'पायऱ्या अपूर्ण' लिहिलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. खरंच अपूर्ण आहेत. माझं नाव राहिलं असतं. सरासरी धरली असती, चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी. भिंगरीची जागा गेली असती. आणि खरं लिहायचं तर सव्वीस वर्षांची कडक, कोणाला झुकतं माप न देणारी बाई शाळेच्या दप्तरात कायमची पक्षपाती ठरणार. तोही स्वतःच्या मुलीच्या विरुद्ध! असला पक्षपात ऐकलाय का कोणी?

स्टाफरूममध्ये एकटी बसले होते. पंख्याची कुरकुर तेवढी. पेनाचं टोपण तीनदा लावलं, तीनदा काढलं.

लिहिलं – 'विद्यार्थिनी माझी मुलगी आहे. म्हणून तिला इतरांपेक्षा कमी गुण देत आले. चूक माझी. दुसऱ्या परीक्षकाचे गुण योग्य आहेत.'

सही केली.

मुख्याध्यापिकांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून ठेवला. "तुमचं अक्षर वाकडं आलेलं आज पहिल्यांदा पाहिलं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चहा घ्या, मग जा." घेतला.

घरी कोणाला सांगितलं नाही.

१४ मे

वाट बघणं. भंजाळल्यासारखी मी माळे आवरतेय. तिसऱ्यांदा.

२९ मे, शुक्रवार

निकाल! गणित ९३! बाकीचे विषयही छान. ह्यांनी दुकान उघडं टाकून घरापर्यंत धाव घेतली, मागून गिऱ्हाईक ओरडतंय, "अहो माझा चष्मा!" नणंदेचा फोन, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" तिला काय सांगणार!

भिंगरीनं कागद बघितला. घडी घातली. "हे ताडमाड सरांचे गुण आहेत," म्हणाली.

"मग?"

"मला तुमचे हवेत."

अट अशी. मी पूर्ण पेपर काढायचा, बोर्डाचा असतो तसा, शंभर गुणांचा. तिनं तीन तास बसून सोडवायचा. मी तपासायचा. इतरांना तपासते तसा. नव्वद मिळाले तर ती जागा घेणार. नाहीतर नाही. जागा पक्की करायची मुदत बारा जून.

"वेडी आहेस का? मिळालेली जागा सोडशील?"

"सोडीन."

हट्ट कोणाचा घेतलाय ते विचारायची या घरात सोयच नाही. हे तर सरळ हसायलाच लागले.

२ जून

पेपर काढला. सोपा काढावासा वाटला. पहिला प्रश्न लिहिला आणि फाडला. मग अवघड काढावासा वाटला, तोही फाडला. शेवटी कुठल्याही वर्षी काढला असता तसा काढला. याला दोन दिवस लागले.

४ जून, गुरुवार

आज परीक्षा. जेवणाचं टेबल, अकरा ते दोन. ह्यांनी दुकान बंद ठेवलं – म्हणे शिपाई नको का! गजराचं घड्याळ घेऊन दारात बसले. अकराला घंटा म्हणून स्टीलच्या ताटावर पळी हाणली. शेजारीण डोकावून गेली.

भिंगरी शाळेचा गणवेश घालून आली. केस घट्ट बांधलेले. मला हसू येणार होतं, आलं नाही. प्रश्नपत्रिका तिच्यापुढे ठेवली.

तीन तास मी टेबलाभोवती फेऱ्या मारल्या. तिच्या वहीत डोकावले नाही. एकदाही नाही! पावणेदोनला म्हणाली, "बाई, पुरवणी." मी आणून दिली. तिनं घेतली. बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर दोघींना डॉक्टरकडे नेलं असतं.

दोनला ताट वाजलं. तिनं पेन खाली ठेवलं.

५ जून, शुक्रवार

सकाळी त्याच टेबलावर तपासायला बसले.

चौथ्या प्रश्नात उणे चिन्ह गाळलंय गाढवानं! पुढचं सगळं घसरलं. चार गेले. कोणाचेही गेले असते. इकडे दोन, तिकडे दोन. शेवटचा पाच गुणांचा प्रश्न सोडून बेरीज केली – पंच्याण्णवपैकी ८७.

शेवटचा प्रश्न. उत्तर बरोबर. मधल्या दोन पायऱ्या गायब. झरकन मनात करून टाकल्या असणार. लहानपणापासून ही सवय आहे तिला.

लाल पेन हातात धरून बसून राहिले. नेहमीचा हात म्हणत होता, दोन दे. दुसरा कोणीतरी आतून म्हणत होता, पाच दे, आई ना तू! दोन दिले तर ८९. पाच दिले तर ९२. दोन्ही खोटे.

उठले. गेल्या वर्षीचे पेपर घरी होते, ते काढले. असाच प्रश्न, अशाच पायऱ्या गाळलेल्या – रिक्षावाल्याच्या मुलीचा पेपर. तिला मी चार दिले होते. शेजारी लिहिलंही होतं, 'डोकं छान, लिहीत जा.'

चार दिले. शेजारी तेच लिहिलं. डोकं छान, लिहीत जा.

एक्क्याण्णव.

तिच्या हातात दिला. तिनं पान न् पान वकिलासारखं वाचलं. उणे चिन्हापाशी स्वतःच्या कपाळावर हात मारला. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबली. मग "ठीक" म्हणून खोलीत निघून गेली. मी तिथेच उभी. निकाल लागायची वाट बघणाऱ्या पोरीसारखी. सव्वीस वर्षांत शेकडो पोरं माझ्यासमोर अशी उभी राहिली असतील, आज कळलं कसं वाटतं ते.

आतून आवाज आला, "आई, चहा टाकतेस?"

आई. टाकतेस.

साखर दोनदा पडली. ह्यांनी तसाच प्यायला.

८ जून

ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून लिहून टाकते. माझी मुलगी हुशार आहे. खूप हुशार आहे! वर्गातली सगळ्यात हुशार. आठवीपासून मला माहीत होतं आणि एकदाही तोंडातून काढलं नाही. आज दुकानात ह्यांच्या एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "माझी मुलगी जहाजं बांधणार आहे." त्याला जवळचा चष्मा हवा होता. बिचारा अर्धा तास ऐकत उभा राहिला.

२१ जून, रविवार

भिंगरीची कागदपत्रांची फाइल लावत होते. जागा पक्की केल्याची पावती हाती आली. तारीख – ३० मे. निकालाच्या दुसऱ्याच दिवशीची. पेपर चार जूनला झाला.

पावतीच्या खाली तोच पेपर. मागच्या पानावर, माझ्याच लाल पेनानं, तिच्या अक्षरात – 'परीक्षक : दहापैकी नऊ. एक गुण उशीर केल्याबद्दल कापला.'

त्याखाली एक रेघ ओढलेली. रेघेखाली – 'पालकांची सही.' जागा कोरी.

मी सही केली.